भिंतीवरच्या घड्याळाची सहा मिनिटं

ईशान आणि रेवा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की आई कॉलेजात असताना कशी होती, आणि ती मागून म्हणाली, "आजीला विचारा, तिच्याकडे सगळं लिहिलेलं असतं." हे खरं आहे. माझ्या लहानपणाची प्रकरणं मी आधीच लिहून ठेवली आहेत. या प्रकरणात तुमची आई वृंदा बावीस वर्षांची आहे, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि मी बावन्न वर्षांची. मोठं होण्याचं वय तिचं होतं, माझं नव्हतं. तरी त्या हिवाळ्यात थोडं मलाही व्हावं लागलं, म्हणून हे प्रकरण याच वहीत ठेवते आहे.

घर तेव्हाही हेच होतं. इंदूरच्या स्नेहलतागंजातलं, दुसऱ्या मजल्यावरचं, वर मोकळी गच्ची. स्टेशन इतकं जवळ की गाडीची घोषणा सुरू झाली की आम्ही बोलणं थांबवायचो आणि ती संपली की त्याच वाक्यातून पुढे जायचो. पाहुण्यांना हे विचित्र वाटायचं. सकाळी सगळ्यात आधी दूधवाल्याची घंटी, मग खालच्या गुप्ताजींच्या पूजेची घंटी, आणि मग आजोबांची धावपळ. आजोबा सांवेरच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांची बस पावणेसातची, नाक्यावरून. बस चुकली की पुढची तासाभराने, आणि ती मिळेपर्यंत शाळेत पहिला तास संपलेला. नाक्यावर पोह्यांची गाडी होती, आणि गरम पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला पडताना पाहून पुढे निघून जाणं आजोबांना आयुष्यात जमलं नाही. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझ्या डब्यांवर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लेबलं होती, चादरींच्या घड्या एका मापाच्या होत्या आणि दुधाचे खाडे कॅलेंडरवर लिहिलेले असायचे. तुमचे आजोबा म्हणायचे, "हिच्या घरात झुरळसुद्धा रांगेत चालतं."

आमच्या बैठकीत एक गोल, पांढऱ्या तबकडीचं, सेलवर चालणारं घड्याळ होतं. ते दहा मिनिटं पुढे असायचं. आजोबांसाठी मीच ते तसं लावलं होतं. पण घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असल्यामुळे त्याचा उपयोग शून्य झाला होता. जो तो घड्याळाकडे बघायचा, मनात दहा वजा करायचा आणि परत लोळायचा. पाहुण्यांनाही आम्ही सांगायचो, "यातले दहा काढा." इंदूरच्या बऱ्याच घरांत तेव्हा असंच चालायचं. घड्याळ एक वेळ दाखवायचं आणि घरातली माणसं दुसरी धरून चालायची.

आता वृंदाचं काम सांगते. तिच्या प्रोजेक्टचे मार्गदर्शक तिवारी सर. त्यांनी तिला एका परक्या ग्रहाचं माप काढायला दिलं होतं. हा ग्रह आपल्या सूर्याभोवतीचा नाही. तो दुसऱ्याच एका ताऱ्याभोवती फिरतो, तो तारा हंस तारकासमूहाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा पण दुर्बिणीतून सहज सापडणारा. ग्रह मात्र कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही. तो फिरता फिरता आपल्या आणि त्याच्या ताऱ्याच्या मधून जातो, तेवढा वेळ ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. मराठीत याला अधिक्रमण म्हणतात. उजेड किती कमी झाला ते मोजलं की ग्रह ताऱ्याच्या मानाने किती मोठा ते कळतं. मला हे पहिल्यांदा समजलं नाही तेव्हा वृंदाने स्वयंपाकघरात येऊन ताटातल्या पोळीवर एक पेढा ठेवला. मी पट्टी आणली. पोळी साडेसहा इंच, पेढा एक इंच. साडेसहाचा वर्ग बेचाळीस आणि थोडं वर, म्हणजे पेढ्याने पोळीचा बेचाळिसावा भाग झाकला, शंभरातले जवळजवळ अडीच भाग. "बस, एवढाच उजेड कमी होतो," ती म्हणाली. "आणि मी हे उलट्या दिशेने करते. अडीच भाग मोजायचे आणि पेढा काढायचा." पेढा तिने लगेच खाल्ला.

कॉलेजची आठ इंची दुर्बीण आणि सरांचा कॅमेरा, दोन्ही आमच्या गच्चीवर आले, कारण कॉलेजच्या गच्चीला संध्याकाळी पाचला कुलूप लागायचं. कॅमेऱ्यासाठी कॉम्प्युटर हवा, म्हणून घरातला जुना कॉम्प्युटर टेबलासकट वर नेला. त्याच्या आतला छोटा सेल मेलेला होता. बंद केला की तो तारीख आणि वेळ विसरायचा. प्रत्येक वेळी चालू केल्यावर वेळ नव्याने भरावी लागे. नवा सेल आणायचा म्हणून तीनदा ठरलं आणि तीनदा राहिलं. तेव्हाच्या मोबाईलवरची वेळही हातानेच लावायची असायची, त्यामुळे तिच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. वृंदाने दिवाळीच्या आधी एकदा रेडिओवर बातम्यांआधी जे टूं-टूं वाजतं त्याच्याशी बैठकीतलं घड्याळ ताडून पाहिलं. बरोबर दहा मिनिटं पुढे, सेकंदाचाही फरक नाही. तिने वहीत लिहिलं: घड्याळातून दहा वजा. मग आमची पद्धत ठरली. मी खाली घड्याळासमोर उभी राहायचे, सेकंदकाटा बारावर आला की जिन्यात तोंड करून ओरडायचे, "सहा वाजून दहा!" आणि वर ती सहा वाजले असं भरायची. वजाबाकी तिची, ओरडणं माझं.

ग्रहाचं वर्ष सव्वादोन दिवसांचं, त्यामुळे अधिक्रमणं सारखी होत असतात. पण आपल्याकडे अंधार असताना आणि तारा वर असताना क्वचितच. त्या हिवाळ्यात दर वीस दिवसांनी एक संध्याकाळ जमत होती, प्रत्येक वेळी पाऊण तास अलीकडे. अशा तीन मिळणार होत्या. दर दोन दिवसांनी नवं वर्ष हे ऐकून आजोबा म्हणाले, "म्हणजे तिथे मास्तरांना दिवाळीच्या सुट्ट्यांतून शाळेत यायला वेळच नाही. माझी बदली करा."

पहिली संध्याकाळ दिवाळी झाल्यावर चार दिवसांनी. वृंदा गुप्ताजींकडे जिन्यातला आणि मागचा दिवा बंद ठेवायची विनंती करायला गेली. गुप्ताजी भला माणूस, पण त्यांच्या अम्माजींनी तिला थांबवलं. "ग्रहण है बेटा? तो खाना ढँक दें? हमारी बहू का छठा महीना चल रहा है, उसको भीतर बैठा दें?" वृंदाने समजावलं की हे आपल्या सूर्याचं नाही, फार दूरच्या ताऱ्याचं आहे. अम्माजींनी विचार केला आणि म्हणाल्या, "दूर का है तो सूतक नहीं लगेगा. लेकिन तुलसी का पत्ता डालने में अपना क्या जाता है." त्यानंतर तिन्ही वेळी त्यांच्या डाळीत तुळशीपत्र पडलं. दिवे मात्र त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे बंद ठेवले.

पहिलं अधिक्रमण छान मिळालं. चार दिवस ती आकडे घेऊन बसली आणि मग एक आलेख काढून आणला. ठिपक्यांची सरळ ओळ, मधे उथळ खड्डा, पुन्हा सरळ ओळ. परातीला पोचा आला की बाजूने दिसतो तसा. पावणेदोन तासांहून थोडा जास्त चालला होता. त्यावरून ग्रह आपल्या गुरूपेक्षाही थोडा मोठा निघाला, आणि त्याचं वस्तुमान लोकांनी आधीच काढलेलं असल्यामुळे तिला घनताही काढता आली: जवळजवळ पाण्याइतकी. खड्ड्याच्या मध्याची वेळ, जी इतर देशांतल्या लोकांच्या मापांवरून आधी सांगता येते, तिच्याशी तिची वेळ अर्ध्या मिनिटात जुळली. सरांनी वहीवर "बहुत अच्छे" लिहिलं.

त्याच आठवड्यात आजोबांच्या तीन बस चुकल्या. प्राचार्यांनी लेखी विचारणा केली. आजोबांनी तो कागद मला दाखवला नाही, पण कपडे धुवायच्या आधी मी खिशातले कागद काढतेच. मला फार वाईट वाटलं. दोन सकाळी मी मुद्दाम पाहिलं. ते पाच मिनिटांनी उशिरा निघत होते, दोन्ही दिवस. शनिवारी दुपारी घरात कोणी नसताना मी स्टुलावर चढले आणि घड्याळ आणखी सहा मिनिटं पुढे सरकवलं, पाच त्यांची आणि एक जास्तीची. कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी सोळा वजा केले असते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या खाड्यांच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं: घ. +६. लिहायचं काही कारण नव्हतं. सवय.

तुम्ही म्हणाल, त्याच वेळी आजीच्या लक्षात कसं आलं नाही. हाच प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. माझ्या डोक्यात कपाटासारखे खण आहेत. एका खणात आजोबांची बस होती आणि दुसऱ्यात वृंदाचा ग्रह, आणि मी एका वेळी एकच खण उघडते. पुढच्या दोन्ही संध्याकाळी मी जिन्यात उभी राहून घड्याळात दिसेल ती वेळ इमानदारीने ओरडले. दुसऱ्या वेळी खालून वरात चालली होती, बँडवाल्यांमुळे मला दोनदा ओरडावं लागलं. तिसऱ्या वेळी थंडी होती, तारा शेवटी शेवटी फार खाली गेला होता, आणि वृंदा शाल डोक्यावरून घेऊन कॅमेऱ्यापाशी बसली होती. मी तिला आल्याचा चहा वर नेऊन दिला. ती म्हणाली, "आई, तू ना बेस्ट असिस्टंट आहेस."

दोन्ही वेळी ग्रह सहा मिनिटं उशिरा आला.

हे तिने आम्हाला एका रविवारी सांगितलं. दाल-बाफल्यांचं जेवण झालं होतं, आजोबा तुपाने माखलेली बोटं पुसत पाटावरच बसून होते. वृंदा आलेख घेऊन समोर बसली. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. ग्रह असा उगीच उशिरा येत नाही, ती म्हणाली. त्याला कोणीतरी ओढत असलं तरच येतो. कोणीतरी म्हणजे त्याच ताऱ्याभोवतीचा दुसरा ग्रह, जो अजून कोणाला सापडलेला नाही. जानेवारीत पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिची पीएचडीची मुलाखत होती. तिथे आपल्या कामाचा दोन पानी गोषवारा मंगळवारपर्यंत पाठवायचा होता. त्यात ती हे लिहिणार होती.

"मतलब, नवीन ग्रह? इथून? आपल्या गच्चीवरून?" आजोबा म्हणाले.

"शक्यता, बाबा. शक्यता लिहायची असते."

"अगं पण पहिल्या वेळी तर तो टायमात आला होता ना?"

"तेच तर. त्यानंतर एकदम बदललं."

आजोबा हसले. "काय गंमत आहे बघ. दिवाळीनंतर तुझा ग्रह बिघडला आणि दिवाळीनंतर मी सुधारलो. महिना झाला, एक बस चुकली नाही. वर पोहेसुद्धा खाऊन होतात."

मी ताटं उचलत होते. दोन्ही खण एकदम उघडले. मी ताटं मोरीत नेली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

बोलायला हवं होतं ते तेव्हाच. मी बोलले नाही. सोमवारी माझी शाळा दीडला सुटली, घरी आले, स्टूल घेतलं आणि घड्याळ सहा मिनिटं मागे आणलं. पुन्हा दहावर. तेव्हा स्वतःला मी असं सांगितलं होतं की चूक दुरुस्त केली, पुढच्या वेळी ग्रह वेळेवर येईल, तिचं तिलाच कळेल. खरं कारण हे होतं की मला सापडायचं नव्हतं. तीस वर्षं मी या घरात दुसऱ्यांच्या चुका दाखवत आले होते. मुलांनो, आज सत्तरीत हे लिहिताना बरं वाटत नाही, पण प्रकरण लिहायचं तर पूर्ण लिहावं.

वृंदा साडेपाचला आली ती चप्पल न काढता आत. "सर म्हणाले, बेटा, पहले घड़ी देखो, दूसरा ग्रह बाद में. म्हणाले, वहीत एकदाच चेक केलेलं दिसून राहिलंय, आज पुन्हा कर." तिने रेडिओ काढला, घड्याळाखाली खुर्ची ओढली आणि वही उघडून बसली. मी दारात उभी होते. बातम्यांआधीचं टूं-टूं झालं. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं, काटा बरोबर बारावर.

"दहाच्या दहा," ती म्हणाली. "दोन महिन्यांत सेकंद नाही हललं. आई, पाहिलंस? घड्याळाची चूक नाही." तिने लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "सरांना आत्ताच फोन करते."

"आधी हात-पाय धू," मी म्हणाले. "गराडू करते आहे. बाबा आले की खाऊन मग कर."

गराडू तुम्हाला माहीत नाही. थंडीतला आमच्याकडचा कंद, कोनफळाच्या जवळचा. सोलून तुकडे करायचे आणि दोनदा तळायचे. पहिल्यांदा मंद आचेवर, आतून शिजेपर्यंत. मग काढून गार होऊ द्यायचे, हाताने दाबायचे आणि पुन्हा कडक तेलात. मधला वेळ सोडला तर ते वरून लाल आणि आतून कच्चे राहतात. त्या मधल्या वेळात मी ओट्यापाशी उभी राहून विचारलं: पुढची संध्याकाळ कधी? आतून उत्तर आलं की तारा आता सूर्याकडे चाललाय, पुढची संधी थेट उन्हाळ्यात, तीही पहाटे. म्हणजे माझी दुरुस्ती तिच्या उपयोगाची नव्हतीच. उलट तिच्या चुकीवर मी स्वतःच्या हाताने शिक्का मारला होता. कालपर्यंत ती रेडिओ लावून मला पकडू शकली असती, आता कोणीच पकडू शकत नव्हतं. तिथे पुण्यात मोठमोठ्या दुर्बिणींची माणसं बसणार, ती तपासणार, ग्रह वेळेवर सापडणार, आणि माझी मुलगी सांगत राहणार की घड्याळ दोनदा तपासलं होतं.

आजोबा आले, तिघं बसलो. मी गराडूवर जीरावन टाकलं, लिंबू पिळलं, प्लेटी दिल्या आणि कॅलेंडर भिंतीवरून काढून वृंदाच्या समोर ठेवलं.

"हे काय?"

"तो चौकोन वाच. दुधाच्या खाली."

तिने वाचलं. "घ. अधिक सहा. घ म्हणजे?"

"घड्याळ. त्या दिवशी मी ते आणखी सहा मिनिटं पुढे केलं होतं. आज दुपारी परत मागे केलं."

गाडीची घोषणा सुरू झाली. आम्ही तिघंही थांबलो, सवयीने. ती घोषणा दोन भाषांत पूर्ण होईपर्यंत वृंदा कॅलेंडरकडे बघत होती. तितकी लांब दुसरी घोषणा मला आठवत नाही.

"आज दुपारी," ती म्हणाली. "मी चेक करायच्या आधी."

"हो."

"आणि मी चेक केलं तेव्हा तू दारात उभी होतीस."

"हो."

आजोबांच्या हातातला गराडू तसाच होता. "थांब थांब," ते म्हणाले. "म्हणजे मी महिनाभर सोळा मिनिटं पुढच्या घड्याळावर निघत होतो? मी सुधारलो नव्हतोच?"

"बाबा, प्लीज," वृंदा म्हणाली.

ती उठून वही घेऊन आली. रडली नाही. पेन्सिलीने दोन वेळांमधून सहा-सहा वजा केले, जुन्या आलेखावरच दोन नवे ठिपके काढले. तिन्ही ठिपके एका सरळ रेषेत आले. ती रेषा बघत तिने थंड झालेला एक गराडू खाल्ला. नंतर एवढंच विचारलं, "सहा म्हणजे बरोबर सहा? की साधारण?"

"बरोबर सहा. सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबले होते. मागे करतानाही."

"तू थांबली असशीलच," ती म्हणाली आणि वही मिटली. त्या रात्री ती माझ्याशी आणखी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गोषवारा मात्र तिने मंगळवारी पाठवला. त्यात ग्रहाचं आकारमान होतं, घनता होती, तीन अधिक्रमणांच्या वेळा होत्या, आणि तिसऱ्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं की दुसऱ्या व तिसऱ्या निरीक्षणाच्या वेळांतून सहा मिनिटे वजा केली आहेत, कारण घरातील घड्याळ मध्यंतरी पुढे करण्यात आले होते. बदलाची तारीख निरीक्षकाच्या आईच्या नोंदीवरून. दुसऱ्या ग्रहाचा उल्लेख नव्हता. तिवारी सरांना तिने सगळं सांगितलं. सर म्हणाले, "माताजी को मेरा प्रणाम कहना. डेटा बच गया. तारीख न लिखी होती तो दोनों शाम कचरे में जातीं." तो निरोप तिने मला बुधवारी दिला, आणि त्या निमित्ताने आमचं बोलणं सुरू झालं.

मंगळवारी सकाळी आजोबांची बस चुकली. वृंदा अबोला धरून होती तरी तिला हसू आवरलं नाही.

पुण्यात तिची निवड झाली नाही. मुलाखतीत एका वयस्क बाईंनी ती तिसरी ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि बाकीचे हसले. वृंदाने गृहीत धरलं की आपण संपलो. बाईंनी मात्र विचारलं, "तुझ्या आईने सांगितलं नसतं तर?" वृंदा म्हणाली, "सांगितलंच असतं. तिला फक्त वेळ लागतो." हे तिने मला त्या वेळी सांगितलं नाही. आजोबा गेले त्या वर्षी, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कपाट आवरताना सांगितलं. त्या गोषवाऱ्यात दुसरा ग्रह असता तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही. वृंदाने एक वर्ष इथल्याच एका कॉलेजात शिकवलं, पुढच्या वर्षी बंगलोरला तिची निवड झाली, तिथे तुमचे बाबा भेटले, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्या ग्रहाला दुसरा भाऊ आहे की नाही ते मी तिला अधूनमधून विचारते. अजून कोणाला सापडलेला नाही, म्हणते.

ते घड्याळ लग्नानंतर तिने मागून नेलं. तुमच्या कॅलगरीच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर आहे तेच. त्याच्या मागे एक कागद चिकटवलेला आहे, तुम्ही कदाचित पाहिला नसेल. त्यावर ते जेव्हा जेव्हा पुढे-मागे केलं त्या सगळ्या तारखा आहेत, वरच्या माझ्या अक्षरात, खालच्या तुमच्या आईच्या. असा नियम तिनेच घातला होता. शेवटची नोंद आहे: दहा मिनिटे पुढे.

या मार्चमध्ये मी तिकडे आले होते तेव्हा तुम्हा दोघांची शाळेची बस रोज थोडक्यात मिळत होती, आणि एके दिवशी ती आरामात मिळायला लागली. मी माझ्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं. फ्रीजवरचं ते घड्याळ चौदा मिनिटं पुढे होतं. मागच्या कागदावर मात्र दहाच. मी तुमच्या आईला काही विचारलं नाही. माझ्या डायरीत तारीख टाकून ठेवली आहे.